‘प्रोसेसचे स्वतःचे पेज टेबल’ या प्रयोगाविषयी

प्रश्न : ‘प्रत्येक प्रोसेसचे स्वतःचे पेज टेबल असते’ असे मी एका टिपणात लिहिले आहे. (प्रोसेस म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम आणि पेज टेबल म्हणजे तिच्या मेमरीचे कोणते पान प्रत्यक्षात कुठे आहे, याची नोंदवही.) यावरून टेबल प्रोसेसच्याच ताब्यात असते, असा वाचकाचा समज होईल का?

उत्तर : होईल, म्हणून ‘स्वतःचे’ काढावे. नुसते ‘प्रोसेसचे’ चालेल, कारण षष्ठी नेहमी ताबा दाखवत नाही. सातबारा शेतकऱ्याचा म्हणतात, पण दप्तर तलाठ्याकडे असते आणि शेतकऱ्याला स्वतः त्यात फेरफार करता येत नाही. लिनक्समध्ये प्रत्येक प्रोसेसच्या मेमरीची नोंद ‘एमएम-स्ट्रक्ट’ नावाच्या रचनेत असते आणि तिच्यातला ‘पीजीडी’ हा पॉइंटर, म्हणजे पत्ता धरणारा घटक, सर्वांत वरच्या टेबलाकडे नेतो. एक्स८६-६४ प्रोसेसरवर तिथून सहसा चार पातळ्या उतरल्यावर ४ केबीच्या पानाचा खरा पत्ता हाती लागतो. ही सगळी टेबले कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, मेमरीत असतात. प्रोसेसला त्यांत बदल हवा असेल, तर तिने एममॅप किंवा एमप्रोटेक्टसारख्या सिस्टिम कॉलने कर्नलला विनंती करायची.

प्रश्न : मग ‘पेज टेबलाचे संरक्षण’ म्हणजे टेबलाला मिळणारे की टेबलाने दिलेले?

उत्तर : दोन्ही, आणि म्हणूनच हा शब्दप्रयोग मोघम ठरतो. टेबलातली नोंद ८ बाइटची असते. तिच्यातला एक बिट लिहिण्याची मुभा सांगतो, दुसरा (युजर बिट) युजर मोडमधून, म्हणजे साधे प्रोग्रॅम चालतात त्या मर्यादित अधिकारांच्या अवस्थेतून, प्रवेश आहे की नाही ते सांगतो. हे टेबलाने दिलेले संरक्षण. आता टेबले ज्या पानांवर आहेत, त्या पानांच्या नोंदीत हाच युजर बिट शून्य ठेवलेला असतो, म्हणजे टेबल राखले जाते तेही टेबलातल्याच बिटामुळे. वरच्या टेबलाचा पत्ता धरणारे प्रोसेसरमधले सीआर३ रजिस्टर बदलण्याची सूचनाही फक्त कर्नल मोडमध्येच चालते.

‘संरक्षित’ आणि ‘अनुपस्थित’ यांतला फरकही मराठीत पाळायला हवा. जानेवारी २०१८मध्ये मेल्टडाउन ही प्रोसेसरमधली सुरक्षा-त्रुटी उघड झाली, तेव्हा इंटेलच्या अनेक प्रोसेसरांवर युजर बिटाचा मज्जाव अंमलात येण्याआधीच कर्नलच्या मजकुराची चाहूल कॅशेत, म्हणजे प्रोसेसरच्या जलद तात्पुरत्या मेमरीत, उमटते, हे दिसून आले. लिनक्स ४.१५मध्ये त्यावर उपाय आला : अशा प्रोसेसरांवर एका प्रोसेससाठी वरच्या पातळीची दोन टेबले ठेवायची आणि युजर मोडमधल्या टेबलातून कर्नलच्या जवळजवळ सर्व नोंदी गाळायच्या. तिथे कर्नलची मेमरी ‘संरक्षित आहे’ एवढेच लिहिणे अपुरे आहे. तिचा बहुतेक भाग त्या टेबलात नोंदलेलाच नसतो.

तुमचे वाक्य असे करावे : ‘कर्नल प्रत्येक प्रोसेससाठी वेगळे पेज टेबल राखतो.’