रायफलच्या कुंद्याचं (मागच्या लाकडी दस्त्याचं) पॉलिश उडालंय, काय करू?

लष्करकर: ग्वाल्हेरला असतो. बाबांची लायसन्सवाली ३१५ बोअरची रायफल आहे, कुंदा अक्रोडाचा, गाल टेकतो तिथलं पॉलिश पार गेलंय आणि एक खळगाही पडलाय. पॉलिशवाला म्हणतो मशीननी घासून देतो, देऊ का?

रंधा: मशीन नको हो! लोखंडाला भिडणारी कड एकदा गोल झाली की फट कायमची. आधी रायफल रिकामी आहे ना बघा, मग कुंदा सोडवा. खळग्यावर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवा, चर्र होतं आणि लाकडाचे दबलेले तंतू वाफेनी फुगून वर येतात (तुटलेले असले तर नाही येत). नंतर २२० नंबरचा पॉलिश कागद, शेवटी ४००, लाकडाच्या रेषांच्या दिशेनीच घासायचं.

लष्करकर: तेल घरचं अळशीचं चालेल?

मुरारवाला: कच्चं वाळता वाळत नाही, बॉइल्ड लिन्सीड (लवकर वाळणारं तयार अळशीचं तेल) घ्या. चार थेंब तळहातानी चोळायचे, १५ मिनिटांनी पुसायचं, दुसऱ्या दिवशी परत. मी घाईत जाड थर दिला तर ऐन मे महिन्यातही चिकटच, वर आमच्याकडची धूळ, सगळं परत घासलं. आणि तेलाची फडकी चुरगाळून टाकू नका, आपोआप पेटू शकतात, पाण्यात बुडवा.