मदत हवी आहे: १६११ च्या इंग्रजी बायबलमधील अर्थ पालटलेले शब्द

इंग्लंडमध्ये १६११ साली प्रसिद्ध झालेले किंग जेम्स बायबल मी मूळ इंग्रजीतून वाचत आहे. ‘दाऊ’, ‘हॅथ’, ‘अन्टू’ यांसारखे उघडपणे जुने शब्द कोणत्याही चांगल्या शब्दकोशात सापडतात, त्यामुळे त्यांची अडचण नाही. खरी अडचण आजही रोजच्या वापरात असलेल्या, पण अर्थ पालटलेल्या शब्दांची आहे: ‘प्रिव्हेंट’ म्हणजे तिथे आधी जाणे, ‘सफर’ (suffer) म्हणजे होऊ देणे आणि ‘कॉन्व्हर्सेशन’ म्हणजे वागणूक. ‘लेट’ (let) तर परस्परविरुद्ध अर्थांनी येतो. ‘उत्पत्ती’ या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या आरंभी तो ‘होवो’ या अर्थी आहे, तर रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात ‘अडवणे’ या अर्थी. (हा दुसरा अर्थ भारतीय पासपोर्टवरील ‘विदाउट लेट ऑर हिंड्रन्स’ या शब्दांत अजून टिकून आहे.)

१९८२ ची नवी किंग जेम्स आवृत्ती शेजारी ठेवून पाहिली; तीत बदललेला शब्द मिळतो, बदलाचे कारण मिळत नाही. जॉन्सनचा इंग्रजी शब्दकोश १७५५ चा आणि वेबस्टरचा १८२८ चा, म्हणजे दोन्ही बरेच नंतरचे. केवळ आधुनिक भाषांतर वाचण्याचा सल्ला कृपया देऊ नये, कारण मला याच आवृत्तीची भाषा समजून घ्यायची आहे आणि तिची लय मला अतिशय प्रिय आहे.

वाक्याचा वरवरचा अर्थ नीट लागत असतानाही त्यातला एखादा शब्द जुन्या अर्थाने आला आहे, हे कशावरून ओळखावे, आणि अशा शब्दांची खास या बायबलसाठी केलेली, मोफत किंवा माफक किमतीत मिळणारी सूची कोणाला ठाऊक आहे का?