मदत हवी आहे : प्रिन्स अल्बर्टची चव पानाची की पुटाची?

नमस्कार.

धूम्रपानाच्या दुष्परिणामांची मला पूर्ण कल्पना आहे आणि पाइप मी आठवड्यातून एकदा, क्वचित दोनदा ओढतो. तेव्हा त्याविषयीचा उपदेश कृपया या धाग्यावर नको. माझी अडचण चव ओळखण्याची आणि ती कागदावर उतरवण्याची आहे.

मी उत्तर कॅरोलिनातील विन्स्टन-सेलम येथे राहतो. आम्हा पाच-सहा पाइप ओढणाऱ्यांचा एक लहानसा गट आहे. दर महिन्याला एक तंबाखू ठरतो, प्रत्येकाने तो घरी किमान तीन वेळा ओढायचा आणि पानभर अभिप्राय लिहून आणायचा, असा आमचा रिवाज आहे. या महिन्यात पाळी आली आहे ती प्रिन्स अल्बर्टची. याच शहरातील आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीने १९०७ साली तो बाजारात आणला आणि सातव्या एडवर्डचे राज्यावर बसण्यापूर्वीचे नाव त्याला दिले. लांब कोट घातलेल्या त्या गृहस्थांचा लाल डबा इथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत अजूनही दिसतो. १९८७ मध्ये हा तंबाखू जॉन मिडल्टन कंपनीकडे गेला, त्यामुळे 'पूर्वीची चव राहिली नाही' हे वाक्य आमच्या गटात दर बैठकीला एकदा तरी ऐकू येते. मी पूर्वीचा ओढलेला नसल्यामुळे त्या वादात पडत नाही.

माझ्या तीन वेळच्या नोंदी अशा आहेत. पहिल्यांदा पुडा फोडल्याबरोबर भरला. पुड्याचा वास कोको, काकवी आणि किंचित ज्येष्ठमध असा होता. पेटवल्यावर मात्र धुरापेक्षा वाफच जास्त आली, जीभ पोळली आणि चव जवळजवळ शून्य. दुसऱ्यांदा तंबाखू तासभर कागदावर पसरून मग माझ्या जुन्या ब्रायरच्या, म्हणजे एका झुडपाच्या मुळाकडील टणक लाकडाच्या, पाइपमध्ये ओढला. या पाइपमध्ये मी गेली दोन वर्षे व्हॅनिलाचा सुगंधी तंबाखू ओढत आलो आहे. या वेळी भाजलेले शेंगदाणे, पावाची करपट कड आणि मागे रेंगाळणारा व्हॅनिलाचा गोडवा, असे तीन पदर लागले. तिसऱ्यांदा मक्याच्या कणसाचा नवा कोरा पाइप आणला. त्यात गोडवा सुरुवातीला भरपूर होता, पण निम्म्यानंतर जळक्या लाकडासारखा कडवटपणा आला आणि मी पाइप तसाच ठेवून दिला.

माझा प्रश्न असा, की यांतील कोणती नोंद या तंबाखूची स्वतःची मानावी? यात मुख्य पान बर्ली जातीच्या तंबाखूचे आहे. हे पान स्वभावतः सच्छिद्र असल्यामुळे दिलेले पुट, म्हणजे इकडे ज्याला केसिंग म्हणतात ते गोडसर द्रावण, पटकन शोषून घेते. मग कोको जर पुटातून येत असेल, तर अभिप्रायात तो पानाचा गुण म्हणून लिहिणे अप्रामाणिकपणाचे नाही का? गेल्या वेळी कार्टर हॉल या तंबाखूवर एका सदस्याने 'रोजचा, चांगला' एवढेच लिहिले होते. तसे लिहून सुटका करून घेण्याची माझी इच्छा नाही.

प्रतिसाद १ :

आपली दुसरी नोंद सर्वांत जवळची आहे, पण तिच्यातून व्हॅनिला वजा करा. तो या तंबाखूचा नसून ब्रायरच्या आतील काजळीत मुरलेल्या जुन्या तंबाखूचा आहे. तिसऱ्या नोंदीतील कडवटपणाही तंबाखूचा नसावा. कणसाच्या बहुतेक पाइपांत लाकडी दांड्याचे टोक वाटीच्या तळाशी थोडे आत आलेले असते, आणि नव्या पाइपमध्ये पहिल्या काही वेळी ते टोक जळते. सुरुवातीच्या गोडव्यातही काही वाटा नव्या कणसाचा असतो. तोच पाइप सात-आठ वेळा वापरून झाला, की त्याच्याइतका निष्पक्ष साक्षीदार मिळत नाही.

पान आणि पुट वेगळे करण्याविषयी थोडे लिहितो. व्हर्जिनिया जातीचे पान भट्टीच्या उष्णतेत आठवडाभरात वाळवतात, त्यामुळे त्यातील साखर टिकते. बर्ली कोठारात टांगून हवेवर कित्येक आठवडे वाळते आणि तेवढ्या अवधीत पान स्वतःची साखर जवळजवळ खर्चून टाकते. म्हणून बर्लीप्रधान तंबाखूत स्पष्ट गोडवा लागला, तर तो बहुतांशी बाहेरून आलेला समजावा. शेंगदाणे, कोरडा कोको आणि मातकटपणा मात्र पानाचाही असू शकतो. पुटाचा जोर वाटीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात असतो, तेव्हा निम्म्यानंतर काय उरते ते स्वतंत्र ओळीत लिहा. शक्य झाल्यास बिनापुटाचा साधा बर्ली थोडासा मिळवून आधी तोच ओढून पाहा.

बर्लीचा धूर व्हर्जिनियापेक्षा अल्कधर्मी असतो, त्यामुळे तो न गिळताही निकोटिन तोंडातूनच अधिक शोषले जाते. तंबाखूला चुना लावून मळणाऱ्या आपल्या मंडळींना हे तत्त्व नव्याने सांगायला नको. 'सौम्य' हा शब्द लिहिताना चव सौम्य आहे की जोर सौम्य आहे, हे म्हणूनच वेगळे नोंदवा.

पुटाचा उल्लेख करण्यात मात्र अप्रामाणिक काहीच नाही. फोडणीवाचून आमटी कशी लागते यावरून कोणी आमटीची पारख करत नाही.

धागाकर्ता :

मनःपूर्वक आभार. कणसाच्या पाइपविषयीचे निदान अचूक निघाले : वाटीत टॉर्चचा उजेड टाकून पाहिले, तर दांड्याचे टोक खरोखरच कोळशासारखे काळे झालेले आहे. काल रात्री चहानंतर दोन तास थांबून, चिमटीत दाबल्यावर गोळा न होण्याइतका तंबाखू वाळवून त्याच पाइपमध्ये पुन्हा ओढला आणि थोडा धूर नाकावाटे सोडून पाहिला. निम्म्यापर्यंत कोको, पुढे शेंगदाण्याच्या टरफलासारखी कोरडी, किंचित तुरट चव. जीभ अजिबात पोळली नाही. ब्रायरमधील व्हॅनिला घालवण्यासाठी काही जण मीठ आणि मद्यार्क भरून ठेवतात असे वाचले आहे. मिठाने वाटीला तडे जाण्याची भीती वाटते. कोणी स्वतः केले असल्यास कृपया सांगावे.