व्हॅपचं प्रशिक्षण: हॉलमध्ये की खाटेजवळ?

रंकाळाकाठ
व्हेंटिलेटर लागून ४८ तास उलटल्यावर होणारा न्यूमोनिया, म्हणजे व्हॅप. तो टाळायला सिस्टरना शिकवायचं म्हटलं की आपल्याकडं दोन तासांचं व्याख्यान आणि शेवटी लेखी परीक्षा. माझ्या मते हे बंद करावं. खाटेचं डोकं ३० ते ४५ अंश वर हवं हे सगळ्यांना पाठ असतं. पण एक्स-रेसाठी, चादर बदलायला खाट सपाट केली की तशीच राहते. रुग्ण खाली घसरलेला असतो, खाट ३० अंशावर दिसते आणि छाती मात्र आडवीच. हे पडद्यावर शिकवता येत नाही. पाळी बदलताना खाटेजवळ दहा मिनिटं, एका दिवशी एकच गोष्ट, आणि प्रत्येकीकडून करून घ्यायची.

शिरोळकर_सिस्टर
सर, अर्धंच पटलं. कारण माहीत नसलं की यादीवर नुसत्या टिकमार्कच्या खुणा होतात. कफचंच घ्या, म्हणजे श्वासनलिकेत घातलेल्या ट्यूबच्या टोकाजवळचा हवेचा फुगा. दाब २० ते ३० सेंमी पाणी. २० च्या खाली गेला की कफवर साठलेली लाळ कडेनं फुफ्फुसात झिरपते, ३० च्या वर गेला की श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराचा रक्तपुरवठा दबतो. हे डोक्यात बसलं तरच बाई बोटानं फुगा दाबून ‘ठीक आहे’ लिहिणार नाही, मॅनोमीटर, म्हणजे दाब मोजायचं यंत्र, मागेल. तो जोडताना थोडी हवा निघून जाते, म्हणून मोजल्यावर दाब परत २५ च्या आसपास आणायचा, हेही तेव्हाच कळतं. तासाभराचं व्याख्यान हवंच.

गगनबावडा_७
दोघांचंही बाजूला ठेवा. एका सिस्टरकडं तीन व्हेंटिलेटर असतील तर कुठलं शिक्षण टिकणार? आधी माणसं द्या.

रंकाळाकाठ
माणसं हवीतच, त्यात वाद नाही. पण तोवर थांबायचं का? सर्किटमधलं, म्हणजे व्हेंटिलेटरपासून रुग्णापर्यंतच्या नळ्यांमधलं, पाणी घ्या. कूस बदलायच्या आधी ते वॉटर ट्रॅपमध्ये, म्हणजे नळीवरच्या पाणी साठवायच्या डबीत, उतरवायला अर्धा मिनिट लागतो. नाही उतरवलं तर नळी वर उचलली की ते जंतूंसकट ट्यूबमध्ये जातं. उलट दर आठवड्याला सर्किट बदलण्याची गरज नाही, मळलं किंवा बिघडलं तरच बदलायचं. तिथं वेळ वाचतोच.

दंतरक्षक_कोल्हापूर
तोंडाबद्दल कुणीच बोललं नाही. आपल्या भागात मिश्री आणि तंबाखूची तोंडं बघा. हिरड्यांच्या कडेला काळा, चिकट थर बसलेला असतो, नुसत्या गॉजनं तो हलत नाही. लहान मुलांचा मऊ ब्रश घ्या, दिवसातून दोनदा, सक्शन, म्हणजे लाळ ओढून घेणारी नळी, चालू ठेवून. क्लोरहेक्सिडीनचा, म्हणजे तोंडाला लावायच्या जंतुनाशकाचा, हट्ट सोडा. २०२२ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांत ब्रश आवश्यक म्हटलाय आणि क्लोरहेक्सिडीन टाळायला सांगितलंय. हे काम बऱ्याचदा मावशींवर जातं, मग त्यांना शिकवणीत बसवा की!

शिरोळकर_सिस्टर
मावशींना शिकवा, पण ट्यूब असलेल्या तोंडात ब्रश सिस्टरनंच फिरवावा. ट्यूब किती सेंटिमीटरवर बांधलीय ते आधी आणि नंतर बघायला लागतं. नळी सरकली तर जबाबदार कोण?
आणि ऊसपट्ट्यातले कीटकनाशक प्यायलेले रुग्ण विसरू नका. सुरुवातीला स्राव मोरीसारखा वाहतो, मग अॅट्रोपिन या उताऱ्याच्या औषधानं दाटतो. तिथं सवयीनं ट्यूबमध्ये सलाईन टाकून सक्शन करतात, त्यानं कफवरची घाण आत ढकलली जाऊ शकते. एका वेळी १५ सेकंदांच्या आत, ८ नंबरच्या ट्यूबला १२ फ्रेंच (जाडीचं माप) सक्शन कॅथेटर. आता ‘का’ न सांगता हे कसं पोचवणार?

रंकाळाकाठ
ताई, ‘का’ सांगा, खाटेजवळ सांगा. माझा विरोध परीक्षेतल्या गुणांवर यश मोजण्याला आहे.

आकडेमोड
मग मोजायचं कशावर? व्हॅपचा दर हजार व्हेंटिलेटर-दिवसांमागे काढतात; एक रुग्ण एक दिवस व्हेंटिलेटरवर म्हणजे एक व्हेंटिलेटर-दिवस. सहा खाटांच्या आयसीयूत महिन्याला साधारण ९० व्हेंटिलेटर-दिवस भरतात. एका रुग्णाला व्हॅप झाला की दर ११, नाही झाला की शून्य. एका महिन्याच्या दरावरून प्रशिक्षण चाललं की फसलं ठरवू नका. अचानक फेरी मारा, पहाटे चारला मारली तर उत्तम, आणि खाटेचा कोन, कफचा दाब, ब्रशची नोंद, नळीतलं पाणी एवढंच बघा. दहापैकी कितींचं बरोबर होतं ते दर आठवड्याला भिंतीवर लावा, सिस्टरांची नावं न घालता.

गगनबावडा_७
त्या कागदावर त्या पाळीला किती सिस्टर होत्या तेही लिहा. मग माझा मुद्दा वेगळा मांडावा लागणार नाही.