बुरीरामला मॅच बघायला जायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी बँकॉकला असतो आणि पोर्ट एफसी या इथल्या फुटबॉल क्लबचा पक्का चाहता आहे. ख्लोंग तोईच्या पॅट स्टेडियमवर आम्ही परदेशी मंडळी थाई पाठीराख्यांच्या खांद्याला खांदा लावून, ढोलाच्या तालावर घसा बसेपर्यंत ओरडतो. २०१९ चा थाई एफए कप जिंकलेला हा बंदरवाल्यांचा क्लब आता आपलाच वाटतो. बाबा येणार आहेत, त्यांना बुरीराम युनायटेडविरुद्धची मॅच तिकडे बुरीराम शहरात, त्या क्लबच्या चांग अरेना स्टेडियमवर दाखवायची फार इच्छा आहे. अंतर जवळपास ४०० किलोमीटर. मॅच रात्री संपल्यावर परतीची ट्रेन सापडते का, की मुक्कामच करावा? पाहुण्या संघाच्या स्टँडची तिकिटं कुठे मिळतात? पायऱ्या खूप आहेत का? बाबांचे गुडघे दुखतात, शिवाय ते शुद्ध शाकाहारी. कुणी जाऊन आलं असेल तर प्लीज सांगा.