‘निर्विष सापाला विषारीच समजावे’ हे वाक्य स्वतःलाच खोडते का?

रानवाट
प्राणिसंग्रहालयांत साप सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी लिहिलेल्या एका अमेरिकी हस्तपुस्तिकेचा अनुवाद सध्या माझ्या हाती आहे. त्यातील एक संपूर्ण प्रकरण एकाच वादाला वाहिलेले आहे. शस्त्रक्रियेने विषग्रंथी काढून टाकलेले नाग, घोणस किंवा रॅटलस्नेक नवशिक्यांना हात बसवण्यासाठी द्यावेत की देऊ नयेत, असा तो वाद आहे. अशा सापाला तिकडे ‘व्हेनमॉइड’ म्हणतात. मी त्यासाठी ‘निर्विष’ हा शब्द योजला आणि चाळीस पाने सुखाने पार केली. पुढे मात्र मूळ लेखकाचे एक वाक्य आले, ते मी असे उतरवले: ‘प्रत्येक निर्विष सापाला विषारी समजूनच हाताळावे.’ तपासनिसांनी त्याखाली तांबडी रेघ मारून समासात लिहिले आहे, ‘हे वाक्य स्वतःलाच खोडते.’ त्यांचे म्हणणे मला खोडता येत नाही. जन्माने विषारी, माणसाने विष हिरावलेला आणि तरीही भरवसा ठेवू नये असा साप मराठीत एका शब्दात कसा सांगावा?

भाष्यकार
तपासनिसांचे बरोबर आहे, परंतु त्यामागचे कारण वेगळे आहे. ‘निर्विष’ हा शब्द रिकामा नाही, त्याची जागा फार पूर्वी भरलेली आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात सापांचे दर्वीकर, मंडली, राजिमान, निर्विष आणि वैकरंज असे पाच वर्ग सांगितले आहेत, आणि त्यातला निर्विष म्हणजे जन्मतःच विष नसलेला. जळवांचीही त्याच ग्रंथात सविष सहा आणि निर्विष सहा अशी वाटणी आहे. तेव्हा धामणीला जो शब्द लागू पडतो, तोच ग्रंथी कापलेल्या नागाला लावणे म्हणजे दोन वेगळ्या प्राण्यांना एकाच दावणीला बांधणे होय.

संस्कृतात यावर तयार तोडगा आहे. जे मुळात तसे नव्हते ते तसे करणे, हा अर्थ च्वि प्रत्ययाने दाखवतात. व्याकरणात त्याला ‘अभूततद्भाव’ म्हणतात. शुद्ध नव्हते ते शुद्ध केले की ‘शुद्धीकरण’, बीज होते ते काढले की ‘निर्बीजीकरण’. त्याच न्यायाने हा साप ‘निर्विषीकृत’ ठरतो. महापालिकेची निर्बीजीकरणाची गाडी गल्लीत येते तेव्हा कोणी शब्दकोश उघडत नाही, त्यामुळे हा शब्द जड आहे असा आक्षेप कृपया घेऊ नये.

खळं
आक्षेप घेतोच. भल्या सकाळी पिंजऱ्यापुढे उभा राहून एक कर्मचारी दुसऱ्याला ‘तो निर्विषीकृत घे रे’ असे म्हणेल, हे मला डोळ्यांपुढे आणता येत नाही. आमच्याकडे गोऱ्ह्याचे जे करतात त्याला ‘खच्ची करणे’ म्हणतात. जनावर तेच, अंगाने तेच, फक्त माणसाने आपल्या सोयीसाठी त्याच्यातले एक काढून घेतलेले. हा साप ‘खच्ची साप’ आहे. शब्द ऐकताच त्यात कोणी काय केले, कोणाच्या सोयीसाठी केले आणि जनावराला विचारले नव्हते, हे सगळे येते. ‘निर्विषीकृत’मध्ये यातले काहीच येत नाही, फक्त फाईलचा वास येतो.

आजोळ
शब्द शोधताना गारुड्याला विसरू नये, म्हणून लिहिते. माझ्या लहानपणी नागपंचमीला वाड्यात टोपली यायची आणि आजी विचारायची, ‘दात पाडलेला आहे ना रे बाबा?’ तो हसून मान डोलवायचा. एका वर्षी मी अगदी जवळ जाऊन पाहिले. नागाच्या ओठांच्या कडेला काळा दोरा होता, गोणपाट शिवतात तसे दोनतीन टाके घातलेले, आणि टाक्यांशी कातडी सुजून पांढरी पडलेली. पुढे ठेवलेल्या वाटीतले दूध फुंकरीने हलत होते, परंतु त्याचे तोंड उघडत नव्हते. तो नाग पुढच्या अमावस्येपर्यंत जगला असेल असे आज मला वाटत नाही.

‘दात पाडलेला नाग’ हा शब्दप्रयोग मराठीत आहे, सर्वांना कळतो आणि एखाद्या निवृत्त अधिकाऱ्यालाही आपण तो सहज लावतो. मग नवा शब्द कशासाठी घडवायचा?

गुरांचा डॉक्टर
नवा शब्द लागतो, कारण ही क्रिया वेगळी आहे. गारुडी विषदंत मोडतो आणि विषग्रंथीला हात लावत नाही. सापाचे विषदंत आयुष्यभर बदलत राहतात, चालू दातामागे राखीव दातांची रांग तयार असते, आणि मोडलेल्याच्या जागी काही आठवड्यांत नवा दात येतो. म्हणजे ‘दात पाडलेला’ हे त्या सापाचे तात्पुरते विशेषण आहे. व्हेनमॉइडमध्ये दात शाबूत असतात आणि डोळ्यामागची ग्रंथी काढलेली असते, किंवा ग्रंथी जागेवर ठेवून तिची नलिका कापून बांधलेली असते. असा साप फणा काढतो, झेप घेतो, चावतो आणि रक्तही काढतो. बाहेरून पाहून त्याची ओळख पटवणे अवघड असते. निर्बीजीकरण केलेल्या कुत्र्याच्या कानाला निदान खूण करतात.

रानवाटांच्या ‘विषारी समजूनच हाताळावे’चे कारण यातच आहे. ग्रंथीचा थोडा भाग मागे राहतो किंवा नलिका पुन्हा जुळते, आणि शस्त्रक्रिया झालेल्या सापातही नंतर विष आढळल्याच्या नोंदी आहेत. केवळ नलिका बांधली असेल तर मी तिला नसबंदीच म्हणेन, आणि नसबंदीनंतर बारसे झालेले घर प्रत्येकाच्या माहितीत एखादे तरी असते.

टाम्पाकर
मी फ्लोरिडात राहतो आणि येथील साप पाळणाऱ्यांमध्ये माझी ऊठबस आहे, म्हणून वादाची दुसरी बाजूही मांडतो. या राज्यात विषारी साप पाळण्याचा परवाना हवा असेल तर किमान एक वर्षाचा आणि एकूण 1000 तासांचा प्रत्यक्ष अनुभव दाखवावा लागतो. हे तास भरायचे कसे? शस्त्रक्रियेच्या बाजूचे लोक म्हणतात की धामणीसारख्या सापावर शिकून नागाचा स्वभाव कळत नाही. नाग उभा राहतो, घोणसवर्गातला साप वेटोळ्यातून बाण सुटावा तसा सुटतो, आणि हे अंगवळणी पडायचे तर खराच साप हवा, फक्त पहिल्या चुकीला मरण नको. विरोधक उत्तर देतात की मरणाची भीती हाच येथला गुरू आहे आणि तो काढून घेतलात तर विद्यार्थी नेमके चुकीचे शिकेल. साप उचलायच्या आकडीचे अंतर चार बोटे कमी, सापाला आवरायच्या नळीत त्याचे डोके शिरायच्या आत पकडलेली शेपटी, अशा सवयी सहा महिन्यांत हाडात मुरतात आणि मग खऱ्या सापापुढे निघत नाहीत. शिवाय अनेक शस्त्रक्रिया पशुवैद्याच्या टेबलावर न होता कोणाच्या तरी गॅरेजमध्ये, धड भूल न देता होतात, ही त्यांची मोठी तक्रार आहे आणि ती मला पटते.

आता शब्दाविषयी. ‘-ऑइड’ म्हणजे ‘सारखे दिसणारे’. त्या हिशेबाने ‘व्हेनमॉइड’चा अर्थ ‘विषासारखा’ असा काहीतरी होतो. इंग्रजी शब्दच मुळात लंगडा आहे. त्याला मराठीत पाय लावायचेच असतील तर ‘विषाभासी’ कसा वाटतो? विषारी भासणारा, इतकेच.

भाष्यकार
‘विषाभासी’ चालणार नाही. कवड्या साप मण्यारीसारखा भासतो, म्हणून खरा विषाभासी तोच. त्याच्यावर कोणीही शस्त्रक्रिया केलेली नाही.

‘खच्ची’बद्दलही सांगतो. हा शब्द फारसीमार्गे आला आहे, मूळ अरबी ‘खसी’. मराठीचा नवा पारिभाषिक शब्द उसन्या धातूवर उभारावा का, याचा विचार व्हावा.

खळं
उसना? वळू आणि बैल हे दोन वेगळे शब्द ज्या भाषेने ठेवले, तिला हा फरक कोणी उसना दिला नव्हता. खच्ची केला तो बैल, राखला तो वळू, आणि पोळ्याला झूल बैलावर चढते. शेतीला गरज होती म्हणून वेगळा शब्द उरला. सापाच्या बाबतीत ती गरज आपल्याला कधी पडलीच नाही, कारण असा साप आपण पाळतच नव्हतो. राहिला फारसीचा मुद्दा. तुमच्या वाक्यातला ‘बद्दल’ कोठून आला, तेवढे पाहून घ्या.

भाष्यकार
‘बद्दल’ रुळलेला आहे आणि ‘खच्ची साप’ रुळलेला नाही. रूढ शब्दाला मी कधीच हात लावत नाही. नवा घडवताना मात्र मूस आपली असावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

आजोळ
डॉक्टरांचे पटले, मी ‘दात पाडलेला’ मागे घेते. मग सरळ ‘विष काढलेला साप’ म्हणता येणार नाही का?

गुरांचा डॉक्टर
तो सर्वांत धोकादायक. विष काढणे म्हणजे काचेच्या भांड्यावर ताणलेल्या पडद्याला सापाचा चावा घ्यायला लावून विष गोळा करणे. परळच्या हाफकिनमध्ये प्रतिसर्पविषासाठी हेच काम चालत आले, आणि तामिळनाडूतील इरुळा आदिवासींची 1978 साली स्थापन झालेली सहकारी संस्थाही नाग, मण्यार, घोणस आणि फुरशाचे विष असेच काढते व नंतर साप रानात सोडून देते. विष काढलेला साप पुन्हा भरतो. अनुवादात ‘विष काढलेला’ लिहिलेत आणि एखाद्या सर्पोद्यानातील मुलाने आपल्याकडचा, सकाळीच विष घेतलेला नाग त्या जागी समजला, तर दोष कोणाचा?

‘विष उतरवलेला’ही नको. ते मांत्रिकाकडे असते आणि सापाचे उतरत नाही, माणसाचे उतरवतात.

खळं
म्हणजे ‘काढणे’ प्रयोगशाळेने घेतले, ‘उतरवणे’ मांत्रिकाने, ‘पाडणे’ गारुड्याने आणि ‘निर्विष’ सुश्रुताने. बैलाचे क्रियापद तेवढे मोकळे आहे, तर त्याला फारसी म्हणून हाकलता.

टाम्पाकर
एक शंका. ‘खच्ची साप’ लिहिले तर ज्याची प्रजनन-शस्त्रक्रिया झाली तो साप, असा अर्थ नाही का होणार? मला तरी पहिल्यांदा तोच लागला होता.

भाष्यकार
हेच मी केव्हापासून सांगणार होतो.

खळं
सांगणार होतात ते फारसीचे होते. वृत्तपत्रांत रोज कोणाचे ना कोणाचे ‘खच्चीकरण’ होते, तेव्हा प्रजननाचा विचार कोणाच्या मनात येतो? शब्दाने केव्हाच उंबरठा ओलांडला आहे.

आजोळ
भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 असताना कोणालाही नाग घरी ठेवता येत नाही, मग त्याच्यावर शस्त्रक्रिया करणे दूरच. आमच्या पुतण्याने सापांचे काम एका जुन्या सर्पमित्राच्या मागे पिशवी धरून शिकले. दोन वर्षे त्याला फक्त धामणी आणि दिवड हाताळायला मिळाल्या, नागाला हात लावू दिला नाही. त्यामुळे मला खरा प्रश्न शब्दाचा वाटतच नाही. जी गोष्ट आपल्याकडे होऊ नये, तिला सोपा मराठी शब्द मिळालाच पाहिजे का? इंग्रजी नाव परके राहिले तर ती गोष्टही परकी राहील.

गुरांचा डॉक्टर
नाव नसल्यामुळे गोष्टी थांबल्या असत्या तर माझा दवाखाना केव्हाच ओस पडला असता. गारुड्याचे टाके तुम्हीच वर्णन केलेत, आणि त्या कृत्यालाही स्वतंत्र नाव नव्हते.

भाष्यकार
आजोळताईंचा मुद्दा शब्दचर्चेचा नाही, नीतीचा आहे. अनुवादकाने वादात पडू नये. त्याला दोन्ही पक्षांच्या तोंडी घालता येईल असा तटस्थ शब्द हवा, आणि ‘निर्विषीकृत’ तेवढा तटस्थ आहे.

आजोळ
तटस्थ कसा? त्यात ‘निर्विष’ अख्खाच्या अख्खा बसलेला आहे. वाचणारा घाईत तेवढेच वाचेल आणि ‘कृत’ला पोहोचायच्या आत हात पिंजऱ्यात गेलेला असेल.

रानवाट
सर्वांचे आभार. मुदत संपल्यामुळे काल मजकूर पाठवून दिला. सगळीकडे ‘विषग्रंथी काढलेला साप’ असे लांबलचक लिहिले आणि वादातले वाक्य ‘विषग्रंथी काढलेला असला तरी साप विषारी समजूनच हाताळावा’ असे केले. तपासनिसांनी ते सोडले. प्रकरणाच्या शीर्षकात मात्र जागा पुरत नाही म्हणून त्यांनी स्वतःच ‘निर्विष सापांचा प्रश्न’ असे करून टाकले आहे.

गुरांचा डॉक्टर
ज्यांची फक्त नलिका बांधली आहे, ते साप तुमच्या शब्दातून सुटले की हो.

टाम्पाकर
आणि शेवटच्या शब्दसूचीत हा साप कोणत्या अक्षराखाली शोधायचा?

भाष्यकार
‘न’खाली.

खळं
‘ख’खाली.