तायक्वांदोची स्पर्धा बघायला आईबाप सोडून कोणी थांबेल असं काय करता येईल?

मॅटवाली_सातारा:
मंडळी, स्पर्धा भरवणाऱ्यांनाही विचारतेय आणि नुसतं बघायला जाणाऱ्यांनाही. आमचा क्लब जिल्हा पातळीची स्पर्धा घेतो, एन्ट्र्या भरपूर येतात, सकाळी हॉल खचाखच असतो पण तो सगळा आईबाबांनी, आणि ज्याच्या पोराची फाईट झाली तो डबा उचलून चालू पडतो. तीन मॅट एकदम चालू, माईकवरून दिवसभर "मॅट नंबर दोन, ब्लू, लास्ट कॉल" एवढंच ऐकू येतं, आणि सीनियरच्या फायनल ज्या खरंच बघण्यासारख्या असतात त्या संध्याकाळी सातला, तोवर हॉलमध्ये आम्ही, रेफ्री आणि सतरंज्या गुंडाळायला आलेला माणूस. मागच्या खेपेला एका मुलीचे आजोबा पहिल्या रांगेत मन लावून बघत होते, शेवटी रेफ्रीने निळ्या बाजूला हात वर केला तर शेजाऱ्याला विचारतात, "आपली बाद झाली का हो?" अहो नात जिंकली होती! स्कोअरचा स्क्रीन ज्युरीच्या टेबलावर आणि त्याचं तोंडही ज्युरीकडेच, मग बिचाऱ्यांना कळणार कसं. बजेट बेताचं आहे. डीजे, फटाके वगैरे सुचवू नका प्लीज.

चुंग_होंग:
ताई, रेफ्रीगिरी करतो म्हणून सांगतो, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या आजोबांमध्येच आहे. लोकांना खेळ आवडत नाही असं नाहीये, पॉइंट कशाचा पडला तेच कळत नाही. पॅरिस 2024 ला जे पॉइंट होते ते बघा, पंचला 1, अंगावरच्या किकला 2, डोक्याला 3, फिरून अंगावर मारली तर 4, फिरून डोक्याला 5, आणि समोरच्याला गामजम (म्हणजे पेनल्टी) बसला की तुम्हाला 1 फुकट. एवढं माहीत असलं की फाईट बघायची मजाच बदलते, कारण चारने मागे असलेला पोरगा शेवटच्या दहा सेकंदात का गरगर फिरतोय ते समजतं. हे एका फ्लेक्सवर मोठ्या अक्षरात छापून भिंतीला लावा आणि फायनलला माईकवर एखादा जुना खेळाडू बसवा, मराठीत बोलणारा, "लालने डोक्याला लावली, तीन पॉइंट" एवढं जरी बोलला तरी बास.
दुसरं म्हणजे बेस्ट ऑफ थ्री, तीनपैकी दोन राउंड जिंकेल तो विजेता. आधी तिन्ही राउंडची बेरीज व्हायची, मग एकजण पंधराने पुढे गेला की तिसऱ्या राउंडला नुसता मॅटभर पळायचा. 2022 पासून प्रत्येक राउंड वेगळा जिंकायचा असतो, पहिला हरलात तरी दुसऱ्याला शून्यावरून सुरुवात. जिल्ह्याला अजून काही ठिकाणी वेळ वाचवायला एकाच राउंडमध्ये उरकतात, ते निदान फायनलला तरी करू नका.

जुना_ब्लॅकबेल्ट:
बेरीजवाल्या सिस्टीमला एवढं नावं ठेवू नका सर. रिओ 2016, 80 किलोची फायनल, ब्रिटनचा लुतालो मुहम्मद 6-4 ने पुढे, शेवटचा सेकंद, आणि आयव्हरी कोस्टच्या शेख सिसेने फिरून डोक्याला लावली, तेव्हा त्याचे 4 पॉइंट मिळायचे, 8-6, गोल्ड. अख्खं स्टेडियम उभं! ती बेरीजच होती.
माझ्या मते खरा घोळ सेन्सरने केलाय. आम्ही खेळायचो तेव्हा किक बसली की हॉलच्या दारापर्यंत धप्प आवाज यायचा, त्याशिवाय जज बटनच दाबायचे नाहीत. आता पुढचा पाय हवेत धरून दोघंही एकमेकांना टोचत उभे राहतात, सॉक्समधला सेन्सर चेस्ट गार्डला नीट लागला की पॉइंट, बघणाऱ्याला वाटतं हे एका पायावर लंगडी घालतायत की काय. अर्थात सेन्सर उगाच आला नाही. बीजिंग 2008 ला ब्रिटनच्या सारा स्टीव्हन्सनची डोक्यावरची स्पष्ट किक जजेसनी दिलीच नाही, ती चीनच्या खेळाडूकडून हरली, मग प्रोटेस्ट, मग निकाल फिरवला, चीनच्या पब्लिकने नुसता गोंधळ घातला. मग 2012 ला लंडन ऑलिंपिकला इलेक्ट्रॉनिक चेस्ट गार्ड आले. भांडणं कमी झाली पण धप्प पण गेला.
कोरियावाल्यांनी 2020 मध्ये यावर एक भारी प्रयोग केला होता, पॉवर तायक्वांदो, युट्यूबवर बघा. पॉइंटच नाहीत. व्हिडिओ गेमसारखी दोघांची पॉवरची पट्टी स्क्रीनवर, जेवढी जोरात किक तेवढी पट्टी कमी होते आणि पेनल्टी लागली तर दहा सेकंद तुमचं नुकसान डबल. लहान पोरालाही एका मिनिटात कळतं कोण चाललाय. आपल्याकडे ते मशीन आणणार कोण हा भाग वेगळा.

रेड_टाकणारा:
मी कबड्डीवाला, तायक्वांदोतलं ओ का ठो कळत नाही, तरी बोलतो. 2014 ला प्रो कबड्डी आली तेव्हा आमच्याकडचे जुने लोक पण म्हणत होते मातीतला खेळ टीव्हीवर कोण बघणार. त्यांनी खेळ फार बदलला नाही, रेडला 30 सेकंदांचं घड्याळ लावलं आणि डू ऑर डाय आणली (दोन रेड रिकाम्या गेल्या की तिसरीत पॉइंट काढायचाच, नाहीतर बाद), म्हणजे टाइमपास बंद. आणि सगळ्यात मोठी गोष्ट टीम. मला 58 किलोतल्या अनोळखी पोराशी काय घेणंदेणं? पण कराड विरुद्ध वाई म्हणा, मी दोन तास आधी येऊन जागा धरतो. तुमच्यात टीम फाईट नसते का?

चुंग_होंग:
असते की. हांगझोऊच्या एशियन गेम्सला मिक्स टीम होती, मुलं मुली एकाच टीममध्ये. दिल्लीला 2023 मध्ये लीग पण झाली, शहरांच्या राज्यांच्या नावाने टीम. ताई, हे जिल्ह्याला सहज जमेल, तालुकावार टीम करा, वैयक्तिक मेडल वेगळी ठेवा.

पालक_एक:
तुमचे नियम राहू द्या हो. मला फक्त सांगा माझ्या मुलाची फाईट किती वाजता आहे. सकाळी आठला वजनाला बोलावता, फाईट तीनला, तोपर्यंत पोरगं उपाशी कारण कोच म्हणतो खाऊ नको आणि मी एका पायावर, कारण खुर्च्या पाहुण्यांसाठी राखीव. पाहुणे बाराला आले, नारळ फोडला, सत्कार झाले, भाषणं झाली, दीडला गेले, खुर्च्या रिकाम्याच. वर तुम्ही म्हणता पालक थांबत नाहीत.

मॅटवाली_सातारा:
पालक_एक, लागलं पण खरंय. सत्कार बंद करणं माझ्या हातात नाही (अध्यक्षांचा जीव आहे त्यात) पण खुर्च्यांचं नक्की बघते, आणि टायशीट (कोणाची फाईट कोणाशी त्याचा तक्ता) आदल्या रात्री ग्रुपवर टाकून कुठली कॅटेगरी सकाळी कुठली दुपारी एवढं तरी लिहिता येईल.
आत्तापर्यंत असं डोक्यात आलंय. लहान गटांचं सगळं दोनपर्यंत तिन्ही मॅटवर उरकायचं, मग दोन मॅट बंद, आणि चारला मधल्या एकाच मॅटवर सीनियरच्या फायनल, बेस्ट ऑफ थ्री, शेवटी तालुक्यांची टीम फाईट. दोन फायनलच्या मध्ये आमच्या पोरांचं ब्रेकिंग (किक मारून फळ्या फोडणं) ठेवीन, डेमोला गर्दी जमते हे शाळेच्या गॅदरिंगला बघितलंय, आणि 2021 ला वर्ल्ड तायक्वांदोची डेमो टीम 'अमेरिकाज गॉट टॅलेंट' या टीव्ही शोच्या फायनलपर्यंत गेली होती म्हणजे अनोळखी लोकही बघतात. कॉमेंट्रीला माणूस आहे, बोलायला लागला की थांबत नाही ही एकच भीती.
राहिला स्क्रीन. सेन्सरचा सेट भाड्याने आणतो, त्याच्या लॅपटॉपवरून ज्युरीला एक वायर जाते. तीच वायर स्प्लिटर लावून प्रोजेक्टरला दिली तर स्कोअर उशिरा दिसतो का? कोणी केलंय का असं? पंधरा मीटर वायर लागेल आणि हॉलच्या खिडक्यांना पडदे नाहीत.

चुंग_होंग:
स्प्लिटरने काही होत नाही, आम्ही लावतो. पण चार वाजता उन्हात प्रोजेक्टर दिसणार नाही, त्यापेक्षा मांडववाल्याकडून एलईडी टीव्ही घ्या दोन, आणि एक त्या आजोबांच्या रांगेसमोर ठेवा.